नऊ फुटांचा हिशेब

घर दुरुस्तीला काढायचं ठरलं की लोक मला बोलावतात आणि पहिल्याच भेटीत हातात प्लॅन देतात. हॉल दहा बाय सोळा, बेडरूम दहा बाय अकरा, किचन सात बाय नऊ. लांबी-रुंदी इंचापर्यंत असते, उंची कुठेच नसते. विचारली तर मालक एकदा वर बघतात आणि म्हणतात, "असेल की नऊ-साडेनऊ फूट. सगळ्यांची असते तेवढी." मग मी टेप काढते. चार कोपरे, खोलीचा मध्य आणि बीमखाली, अशी मापं घेते. जुन्या इमारतीत ती कधीच सारखी येत नाहीत. कुठे फरशी खचलेली असते, कुठे स्लॅबला खालून जाड प्लास्टर मारलेलं असतं. यातलं सगळ्यात कमी माप तेवढं मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिते. त्या खोलीची खरी उंची तीच.

मुंबई-पुण्यात घराला भाव चौरस फुटाने मिळतो. चटई क्षेत्रातले चार चौरस फूट कमी भरले तर माणसं बिल्डरशी भांडतात, आणि ते योग्यच आहे. उंचीला मात्र भाव नाही. भाव नाही म्हणून तिच्यावर कोणाचं लक्ष नाही, आणि दुरुस्तीच्या कामात सगळ्यात आधी तिच्यातूनच घेतलं जातं. फरशीवाला खालून घेतो, पीओपीवाला वरून घेतो, एसीवाला पाइपासाठी मागतो, सुतार माळ्यासाठी मागतो. प्रत्येकाचं मागणं लहान असतं, "दोन इंचच तर." या दोन-दोन इंचांची बेरीज करायची जबाबदारी कोणाचीच नसते. या धंद्यातली माझी मुख्य जबाबदारी तीच आहे असं मी मानते.

दादरच्या एका फ्लॅटचा हिशेब मांडते. स्लॅबखाली उंची नऊ फूट एक इंच. खाली जुनी मोझेक फरशी, तीवर व्हिट्रिफाइड बसवायची होती. टाइलवर टाइल म्हणजे चिकटवायचा मसाला धरून पाच-सहा सूत. पण जुनी फरशी एका कोपऱ्यात उतरलेली, ती लेव्हलला आणायला आणखी जवळपास एक इंच. म्हणजे खालून दीड इंच गेले. वर मुलाला जिप्समचं सीलिंग हवं होतं, कडेने कोव्ह लाइट. साधं सपाट सीलिंग वायरिंग आणि दिव्यांसाठी चार इंच खाली येतं. कोव्ह म्हटलं की दोन थर आले, आणि मधला भाग आठ इंच उतरला. राहिले आठ फूट साडेतीन इंच. आता पंखा. पंख्याच्या पात्यांना वर हवा खेचायला फूटभर मोकळी जागा लागते, नाहीतर पंखा नुसता आवाज करतो आणि खाली वारा येत नाही. म्हणजे पाती आली सात फूट साडेतीन इंचांवर. त्या घरातला मुलगा पाच फूट दहा इंच. मी त्याला पंख्याखाली उभं केलं आणि टी-शर्ट काढताना करतात तसे हात वर करायला सांगितलं. टेप त्याच्या बोटांच्या टोकाला लावली तर सात फूट पाच इंच भरले. त्याची आई कॉटवर उभी राहून मच्छरदाणी बांधायची. तिचं माप घ्यायची वेळच आली नाही.

त्या घरात कोव्ह रद्द झाला. वायरिंग भिंतीतून फिरवली, दिवे भिंतीवर घेतले, स्लॅब स्वच्छ घासून रंगवला. सीलिंगचा खर्चही वाचला, पण मला त्याहून मोलाची वाटली ती वाचलेली आठ इंच हवा.

नियम काय म्हणतो हे लोकांना सांगावं लागतं, कारण बहुतेकांना असा काही नियम आहे हेच माहीत नसतं. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ सालची, राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची मागते. फुटांत नऊ फूट आणि वर जेमतेम दोन सूत. हे माप पक्क्या फरशीच्या वरच्या पृष्ठापासून छताच्या खालच्या पृष्ठापर्यंतचं. बीमखाली किमान २.४ मीटर, म्हणजे सात फूट साडेदहा इंच. वातानुकूलित खोलीत फॉल्स सीलिंगखाली किंवा डक्टखाली २.४ मीटर चालतात. बाथरूम-संडासाला २.१ मीटर, म्हणजे सहा फूट पावणेअकरा इंच. जिन्याखालून वाट असेल तर तिथे २.२ मीटर, म्हणजे सात फूट अडीच इंच, आणि लॉफ्टखालीही तेवढेच.

यातल्या वातानुकूलित खोलीच्या सवलतीवर सगळं फॉल्स सीलिंग उभं आहे. "मॅडम, एसी आहे ना, मग आठ फुटांना हरकत नाही," हे वाक्य मी दर साइटवर ऐकते. कागदावर हरकत नाही हे खरं. पण आपल्याकडे एसी चोवीस तास कोण चालवतं? रात्री दोन तास लावायचा, मग बंद करून पंखा. दुपारी आजी एकटी घरी असते, ती एसीला हात लावत नाही, खिडकी उघडते. त्या वेळी ती खोली एसीची नसते. म्हणून जिथे पंखा लागणार आहे तिथे मी २.४ ला तयार होत नाही. त्यावरून दोन-तीन कामं हातची गेली. ती गेली तरी माझं मत बदललेलं नाही.

नऊ फुटांची ही मागणी आली कुठून, हे समजायला मुंबईचा जुना काळ बघावा लागतो. १८९६ साली प्लेग आला तेव्हा चाळींतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर सगळ्यांचं बोट गेलं. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि रस्त्यांबरोबरच घरातला उजेड आणि हवा हाही सरकारी विषय झाला. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसं राहिली आहेत, आणि राहू शकली त्याला एक कारण डोक्यावरची मोकळी जागा हे आहे. गरम हवा वर जाते, वरच्या झरोक्यातून किंवा खिडकीच्या वरच्या भागातून बाहेर पडते आणि माणूस खालच्या थंड थरात राहतो. छत खाली आणलं की तो गरम थर माणसाच्या डोक्याशी येतो. मे महिन्यात शेवटच्या मजल्यावरच्या घरात शिडीवर दोन पायऱ्या चढून बघा, फरक कपाळाला कळतो.

माझी आतेबहीण न्यू जर्सीला असते. तिने घराचं तळघर राहण्याजोगं करायला घेतलं तेव्हा फोनवर मला म्हणाली, "अगं, इथे सात फूट पुरतात म्हणे!" तिचं बरोबर होतं. अमेरिकेतल्या निवासी इमारतींच्या आदर्श संहितेत राहत्या खोलीला सात फूट आणि तळघरातल्या बीम-डक्टखाली सहा फूट चार इंचांपर्यंत मुभा आहे. तिथे वर्षातले कित्येक महिने घर तापवायचं असतं, छताला पंखा लागेलच असं नाही. तो आकडा उचलून विरार-बदलापूरच्या घरात आणायचा नसतो. इंटरनेटवरचे फोटो दाखवून "असंच सीलिंग हवं" म्हणणाऱ्या तरुण जोडप्यांना मी आधी विचारते, हे घर कुठल्या गावातलं आहे?

पोटमाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. मी परळच्या चाळीत वाढले. आमच्या खोलीत पोटमाळा होता, दादा त्यावर अभ्यास करायचा, आणि परीक्षेच्या दिवसांत उघड्या अंगाने, ओला टॉवेल खांद्यावर टाकून बसायचा. त्यामुळे पोटमाळ्याला नावं ठेवणं मला जमत नाही. कामगारवस्तीतल्या कित्येक संसारांना दुसरी खोली म्हणून तोच मिळाला. पण तो उभा राहू शकला तो जुन्या चाळींच्या उंचीवर.

गिरगावातलं एक काम आठवतं. उपकरप्राप्त इमारत, लाकडी तुळया, पाच माणसांचं कुटुंब, धाकट्याचं लग्न ठरलेलं. त्यांना संपूर्ण खोलीवर पोटमाळा हवा होता आणि वरही उभं राहता यायला हवं होतं. फरशीपासून तुळईच्या बुडापर्यंत माप आलं बारा फूट सहा इंच. मी त्यांच्यासमोर वहीत मांडलं. खाली माणूस वावरणार, तिथे सात फूट अडीच इंच सोडायचे. पोटमाळ्याची स्वतःची जाडी, लोखंडी सेक्शन आणि वर प्लाय, साडेचार इंच. वर राहिले चार फूट अकरा इंच, म्हणजे बरोबर दीड मीटर. आणि दीड मीटर हीच आपल्या नियमावलीत लॉफ्टची कमाल मर्यादा आहे. त्यामागचं कारण सरळ आहे. लॉफ्ट ही सामान ठेवायची जागा. तिथे माणूस ताठ उभा राहू लागला की ती खोली झाली, आणि खोली झाली की तिला खोलीचे सगळे नियम लागतात, क्षेत्रफळात धरण्यासकट.

धाकटा म्हणाला, "ताई, खालचे सात फूट कशाला? सहा सोडा. खाली फक्त झोपायचंय." त्याचे आजोबा खिडकीजवळच्या खाटेवर बसून हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, माझ्या डोक्यावर काही आणू नका. पडल्यावर मला वरची तुळई दिसली पाहिजे." धाकट्याने मान खाली घातली. त्यालाही आजोबांचा जीव घुसमटायला नको होता, त्याची अडचणही खोटी नव्हती.

आम्ही निम्म्या खोलीवर पोटमाळा केला, दारापासून मोरीपर्यंतच्या भागावर. खिडकीकडची निम्मी खोली पूर्ण उंचीची ठेवली. कागदावर वरची जागा सामानाची होती, पण तिथे कोणी ना कोणी पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पोटमाळ्याची खिडकीकडची बाजू बंद केली नाही, नुसता कठडा घातला, म्हणजे वरची गरम हवा मोकळ्या भागात निघून जाईल. वर छताचा पंखा लावू दिला नाही, भिंतीवरचा छोटा लावला आणि त्याला जाळी घातली. शिडीसाठी तुळईला खाच मारायची सुतारांची सूचना होती. ती मी ऐकूनच घेतली नाही. त्या तुळयांवर वरच्या मजल्याचा संसार उभा असतो.

बाथरूममध्ये उंची जाते ती वेगळ्याच वाटेने. जुन्या इमारतीत भारतीय पद्धतीचा संडास काढून घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी कमोड बसवायचा असतो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतातून नवा पाइप टाकायला तो परवानगी देत नाही, आणि त्याने ती द्यावी असं आपणही म्हणू शकत नाही. मग पाइपाला उतार मिळावा म्हणून इकडची फरशी सहा-आठ इंच उचलतात. वर आधीच पाण्याच्या टाकीचा माळा असतो, सात फुटांवर. आठ इंच खालून गेले की उरले सहा फूट चार इंच. दाराची चौकट जुनीच राहते, त्यामुळे दारातून आत शिरताना एक पाय वर आणि डोकं खाली, असं एकाच वेळी करावं लागतं. सांधे धरलेल्या, एका हाताने भिंतीचा आधार घेणाऱ्या माणसाला आपण हे करायला लावतो, आणि तेही त्याच्याच सोयीसाठी केलेल्या कामात! अशा जागी मी आधी माळा काढायला सांगते. टाकी गच्चीत हलवता येते का बघते, नाहीतर भिंतीतून पाइप नेणारा कमोड घेते, म्हणजे फरशी कमी उचलावी लागते. माळ्यावरचं सामान बघायला मी स्वतः चढते. बहुतेक ठिकाणी रिकामे डबे आणि फुटके टब असतात.

जिन्याचं गणित सगळ्यात फसवं, कारण प्लॅनवर ते दिसतच नाही. पुण्यात एका कुटुंबाने वरखालचे दोन फ्लॅट घेऊन जोडायला काढले. स्लॅब कापण्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, सोसायटीची संमती, महापालिकेची परवानगी, सगळं रीतसर चाललं होतं. नकाशात स्लॅबमधली मोकळीक दाखवली होती सात फूट लांब, आणि कागदावर ती पुरेशी वाटत होती. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेनऊ फूट, सात इंचांच्या वर थोडीशी एक पायरी, अशा सोळा चढी. पायरीची रुंदी दहा इंच.

मी गवंड्याला हॉलच्या लांब भिंतीवर खडूने सगळा जिना पूर्ण मापात काढायला लावला. वर स्लॅबची सहा इंच जाडी दोन रेषांनी दाखवली आणि मोकळीक कुठे सुरू होते तिथे खूण केली. मग त्या घरातल्या वहिनींच्या उंचीची, पाच फूट तीन इंचांची काठी घेतली आणि सातव्या पायरीच्या रेषेवर उभी धरली. काठीचं टोक स्लॅबच्या खालच्या रेषेच्या पाच इंच वर गेलं. "वहिनी, या रेषेवर तुमचं कपाळ आहे," मी म्हटलं. त्यांनी काठी स्वतः हातात घेऊन पुन्हा लावून पाहिली. तिथे उंची भरत होती चार फूट दहा इंच. सात फूट अडीच इंच मिळवायचे तर मोकळीक चौथ्या पायरीपासूनच सुरू व्हायला हवी, म्हणजे लांबी दहा फूट. तीन फुटांचा फरक, आणि वरच्या बेडरूममधल्या भिंतभर कपाटाला तेवढीच जागा ठरलेली होती.

कपाट गेलं. इंजिनिअरनी नव्याने हिशेब करून छेद बीमला समांतर घ्यायला सांगितला आणि कडांना आधार दिला. जिना काटकोनात वळवून मोकळीक लहान करता येते, तोही पर्याय आम्ही ठेवला होता, पण त्या हॉलमध्ये वळण दारातच येत होतं. भिंतीवरच्या त्या खडूच्या रेषा नसत्या तर स्लॅब सात फूट कापला गेला असता, आणि कापलेला स्लॅब पुन्हा वाढवणं म्हणजे सळया परत उघड्या करणं. तेव्हापासून जिना असेल तिथे मी नकाशावर विश्वास ठेवत नाही, भिंतीवर काढून घेते.

एक मागणी मात्र मी बोलणं पुरं होऊ न देता नाकारते. "बीम जरा खालून छिलून घ्या ना, दोन इंच मिळतील." बीमच्या खालच्या बाजूलाच मुख्य सळया असतात आणि त्यांच्यावर काँक्रीटचं कव्हर असतं इंच-सव्वा इंचाचं. ते काढलं की मुंबईची खारी हवा सळईला लागते, गंज धरतो, गंजलेली सळई फुगते आणि उरलेलं काँक्रीट फोडते. आधी कधी कोणी छिललेला बीम सीलिंगमागे झाकलेला सापडला तर मी काम थांबवून इंजिनिअरला बोलावते, मग मुहूर्त चुकला तरी चालेल. बीम नडत असेल तर त्याच्या खाली कपाट घ्या, पलंगाचं डोकं दुसरीकडे करा. बीम आहे तिथेच राहणार.

आता कामाच्या करारात दरांच्या आधी मी उंची लिहिते. प्रत्येक खोलीत पक्क्या फरशीपासून सीलिंगपर्यंत इतकी, बीमखाली इतकी, पंख्याच्या पात्याखाली इतकी, बाथरूममध्ये माळ्याखाली इतकी. काम सुरू होण्याआधी लेसर लावून भिंतीवर दोन रेषा मारून घेते, एक फरशीची, एक सीलिंगची. कारागीर नवा आला की त्याला आधी त्या रेषा दाखवते. जिप्समवाल्याने रेषेखाली चॅनल बसवलं तर ते त्याच्या खर्चाने निघतं, हे त्यानेही सही करून मान्य केलेलं असतं. सुरुवातीला कारागिरांना हा जाच वाटायचा. आता त्यातलेच दोघे-तिघे दुसरीकडच्या साइटवरून फोन करून विचारतात, "ताई, इथे कोणी रेषाच मारलेल्या नाहीत, कुठून धरू?"

हे माझ्या कामापुरतं झालं. पण घर विकतानाच हा आकडा बोलायला हवा. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवली आणि तेव्हापासून ग्राहकाला निदान भिंतींच्या आत किती जागा मिळते ते कळू लागलं. त्या आकड्याच्या शेजारी आणखी दोन आकडे छापायला काय हरकत आहे? फरशी बसल्यावर स्लॅबखाली किती, आणि सगळ्यात खाली आलेल्या बीमखाली किती. बिल्डरला ते दोन्ही ठाऊक असतात. पन्नास-साठ लाख मोजणाऱ्या माणसाला ते ताबा मिळाल्यावर, मला बोलावल्यावर, माझ्या टेपवरून कळतात, आणि तोवर तो सीलिंगवाल्याला आगाऊ रक्कम देऊन बसलेला असतो.